पहिल्यांदा जर्मनी: तीन मुक्काम, लोकल गाड्या आणि रविवारचं गणित

जर्मनीच्या पहिल्या सहलीचा आराखडा बहुतेक घरांत एकाच साच्यातला निघतो. फ्रँकफुर्ट, कोलोन, बर्लिन, म्युनिक, मधे कुठेतरी न्यॉइश्वानस्टाइनचा किल्ला, आणि दहा दिवसांत पाच हॉटेलं. यात रोज सकाळी बॅगा भरण्यात दोन तास जातात आणि जर्मन माणूस कसा राहतो, काय खातो, संध्याकाळी कुठे बसतो हे पाहायचं राहूनच जातं. हा देश एकाच राजधानीभोवती वाढलेला नाही. १८७१ पर्यंत तिथे वेगवेगळी राज्यं होती, त्यामुळे दर शंभर-दीडशे किलोमीटरवर बोली, घरांची छपरं, पाव, बिअर आणि सणवार बदलतात. म्हणून शहरं मोजू नका. दोन-तीन ठिकाणी चार-चार रात्री ठाण मांडा आणि तिथून रोज लोकल गाडीने आसपासचा मुलूख पाहा.

या लेखात बारा-तेरा दिवस धरून तीन मुक्काम सुचवले आहेत: ऱ्हाइन आणि मोझेलच्या संगमावरचं कोब्लेंझ, ब्लॅक फॉरेस्टमधलं एखादं छोटं गाव, आणि पूर्वेकडचं ड्रेसडेन. हाताशी आठच दिवस असतील तर ड्रेसडेन सरळ गाळा.

कधी जायचं? मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. शिवाय नोव्हेंबर ते मार्च बरेच किल्ले, खुली संग्रहालयं आणि नदीवरच्या बोटी बंद असतात. नाताळचे बाजार बघायचे असतील तर ती सहल वेगळी आखा. ते साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात आणि बरेचसे २३-२४ डिसेंबरला आवरतात. नाताळानंतर गेलात तर लाकडी टपऱ्या उतरवण्याचं काम तेवढं पाहायला मिळेल.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कायद्याने तो किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण त्या पंधरा दिवसांवर विसंबू नका. एप्रिल-मेमध्ये व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, मुंबई आणि पुणे केंद्रांवर अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. प्रौढांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. व्हीएफएसचा सेवा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं.

अडकतं ते बहुधा तारखांमध्ये. विमा ५ तारखेपासून, हॉटेल ४ पासून, विमानाचं आरक्षण ३ चं, आणि सोबतच्या पत्रात आणखी काही चौथंच. अर्ज बघणाऱ्याला तुमची ओळख फक्त या कागदांवरूनच होते. म्हणून एका पानावर तारीख, मुक्कामाचं गाव, हॉटेल आणि प्रवासाचं साधन असा तक्ता करा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी ताडून बघा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज हा नियमही पाळा. पॅरिसला पाच आणि जर्मनीत चार रात्री असतील तर जर्मन अर्ज परत येऊ शकतो. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र नेहमीप्रमाणे जोडा. ऐनवेळी खात्यात भरलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यांवर येते. नकार आल्यास फेरविचाराचा अर्ज करण्याची जी सोय पूर्वी होती, ती जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर तिथल्या कोर्टात जायचं. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट करा, आणि परतावा न मिळणारं काहीही व्हिसा हाती येईपर्यंत घेऊ नका.

बॅगेत काय नको

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप हे सगळं घरीच ठेवायचं. नातेवाइकांसाठी नेतो म्हणून सूट मिळत नाही. कढीपत्ता, आंबे, ताज्या भाज्या यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तेही नको. चिवडा, कोरड्या चटण्या, मेतकूट आणि तेल लावून केलेले ठेपले चालतात. पुढे बिअरगार्टनमध्ये ठेपल्यांचा उपयोग सांगितलाच आहे.

जर्मन सॉकेट गोल आणि खोलगट असतं. आपली तीन पिनांची प्लग त्यात जात नाही. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग सहसा बसते. लॅपटॉपसाठी मात्र अ‍ॅडॉप्टर इथूनच घेऊन जा.

गाड्यांचं गणित

जर्मन रेल्वेचे ढोबळ दोन वर्ग धरा. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या. आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक, म्हणजे आपल्या भाषेत पॅसेंजर आणि लोकल. मुक्कामांमधल्या मोठ्या उड्या आयसीईने मारायच्या, रोजचं फिरणं प्रादेशिक गाड्यांनी.

रोजच्या फिरण्यासाठी डॉइचलांड-टिकेट हे मासिक तिकीट आहे. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो झालं. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहरी बस त्यावर चालतात. मेख अशी की ते वर्गणीचं तिकीट आहे. कॅलेंडरच्या महिन्यापुरतं चालतं आणि रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. रद्द करायचं ते महिन्याच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे त्या महिन्याअखेर ते संपतं. सहल २५ मे ते ६ जून अशी असेल तर दोन महिन्यांचे पैसे पडतील. तीच ३ जूनला सुरू केली तर एकाच महिन्यात भागेल. काही विक्रेते फक्त युरोपातलं बँक खाते मागतात, म्हणून क्रेडिट कार्ड घेणारा विक्रेता शोधा. तिकीट मोबाइलवर आणि नावाचं असतं, तपासनीस ओळखपत्र मागतो, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा.

चार-पाच जणांचं कुटुंब असेल आणि फिरणं तीन-चारच दिवसांचं, तर त्या त्या राज्याचं एक दिवसाचं लेंडर-टिकेट जास्त परवडतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. ८:४८ च्या आरईत ते दाखवलंत तर ते विनातिकीट धरलं जातं, आणि दंड ६० युरो. कागदी तिकिटांची दुसरी खोच अशी, की काही शहरांत ती प्रवासाआधी फलाटावरच्या किंवा बसमधल्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावी लागतात. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तरीही दंड तोच.

आयसीईची स्वस्त तिकिटं, म्हणजे श्पारप्राइस आणि सुपर-श्पारप्राइस, लवकर काढली तर फ्लेक्सप्राइसच्या, म्हणजे गाडीचं बंधन नसलेल्या पूर्ण भाड्याच्या, निम्म्याहूनही कमी पडतात. ती त्याच गाडीला बांधलेली असतात आणि सुपर-श्पारप्राइसचे पैसे परत मिळत नाहीत. बसायच्या जागेचं आरक्षण वेगळं, साधारण साडेपाच युरो, आणि शुक्रवार-रविवारच्या दुपारी ते कराच.

जर्मन गाड्या घड्याळावर धावतात हा समज आता मागे ठेवा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर. लोहमार्गांची देखभाल वर्षानुवर्षं रेंगाळली, आता एकेक मार्ग महिनोन् महिने बंद ठेवून दुरुस्त होतोय आणि त्या जागी बदली बस धावतात. यावर उपाय साधे आहेत. गाडी बदलायला आठ मिनिटं देणारी जोडणी रेल्वेचं अ‍ॅप दाखवतं, ती घेऊ नका; शोधतानाच किमान वीस-पंचवीस मिनिटांची अट घाला. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर गाडीचं बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीने जाता येतं. पहिला टप्पा डॉइचलांड-टिकेटवर आणि दुसरा श्पारप्राइसवर असेल तर हा हक्क मिळत नाही. गंतव्यस्थानी तासाभराहून अधिक उशीर झाला तर २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक झाला तर ५० टक्के भाडं परत मागता येतं.

फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुमचा डबा कुठल्या अक्षराखाली येणार ते फलकावर दिसतं. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात, तेव्हा चढताना डब्यावरची पाटी वाचाच. फलक आणि उद्घोषणेतले दोन शब्द ओळखीचे असू द्या: ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द, ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट. ‘होइटे ग्लाइस सेक्स’ (आज फलाट सहा) असं काही ऐकू आलं आणि शेजारचा सगळा घोळका एकदम जिन्याकडे निघाला, तर तुम्हीही निघा.

पहिला मुक्काम: कोब्लेंझ

फ्रँकफुर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या फर्नबानहोफवरून सुटतात, प्रादेशिक गाड्या टर्मिनल १ खालच्या रेगिओनालबानहोफवरून. कोब्लेंझसाठी दुसरं स्टेशन, आणि गरज पडली तर माइन्झला गाडी बदला. बिंगेननंतर ऱ्हाइन अगदी रुळांच्या कडेला येते, तेव्हा गाडीच्या उजव्या हाताची खिडकी पकडा. बिंगेन ते कोब्लेंझ हा दरीचा पट्टा २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दरी पाहायची उत्तम रीत अशी. सकाळी गाडीने बाखाराखला जा, जुन्या लाकडी चौकटींच्या घरांमधून फिरा, आणि तिथून बोटीने प्रवाहाच्या दिशेने सांक्ट गोआरला उतरा. प्रवाहाविरुद्धची बोट बरीच जास्त वेळ घेते. वाटेत उजव्या तीरावर १३२ मीटर उंच लोरेलाय कडा लागतो. समोरच्या काठावर जायचं तर पूल शोधू नका. माइन्झ ते कोब्लेंझ या अंतरात दरीत पूलच नाही, तिथे फेरीबोट आहे. बोटीला डॉइचलांड-टिकेट चालत नाही.

दुसरा दिवस मोझेलचा. ट्रीअरकडे जाणाऱ्या गाडीने मोझेलकेर्नला उतरलं की एल्ट्झ किल्ल्यापर्यंत ओढ्याकाठून जंगलातली वाट आहे, चांगली सव्वा ते दीड तासाची आणि शेवटी चढाची. हा किल्ला साडेआठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे आणि लढायांत उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून आतल्या खोल्या आणि सामान टिकलं. न्यॉइश्वानस्टाइनशी तुलना केली तर आमचं मत एल्ट्झच्या बाजूने पडतं. न्यॉइश्वानस्टाइन १८६९ साली बांधायला घेतलेला राजाच्या स्वप्नातला महाल आहे, आत अर्ध्या तासाची ठरीव फेरी असते आणि वेळेचं तिकीट आधी काढलं नसेल तर बाहेरूनच परतावं लागतं.

एक दिवस कोलोनला. कॅथेड्रल स्टेशनला लागूनच आहे. १२४८ मध्ये सुरू झालेलं काम १८८० मध्ये पुरं झालं. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. संध्याकाळी जुन्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्या खानावळीत बसा. तिथे क्योल्श ही बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते. निळ्या पोशाखातला वाढपी, ज्याला क्योबेस म्हणतात, तुमचा ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने एक रेघ ओढतो. बिल त्याच रेघा मोजून होतं. पुरे झालं की चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. नुसतं मान हलवून नको म्हणून भागत नाही. चकती हरवू मात्र नका, तीच तुमचं खातं असते.

दुसरा मुक्काम: ब्लॅक फॉरेस्टमधलं गाव

इथे राहायला फ्रायबुर्ग शहर न घेता ओफेनबुर्ग–कोन्स्टान्झ या श्वार्ट्सवाल्डबान मार्गावरचं गाव घ्या: गेंगेनबाख, हाउसाख किंवा ट्रिबेर्ग. आरक्षण करताना एकच प्रश्न विचारा: कोनुस कार्ड मिळतं का? या योजनेतल्या गावांत पाहुणाकर भरला की हे कार्ड हातात पडतं आणि मुक्कामभर त्या भागातल्या बस आणि प्रादेशिक गाड्या फुकट होतात. मालक विसरला तर मागून घ्या.

रेल्वेमार्ग स्वतःच पाहण्यासारखा आहे. इंजिनिअर रोबेर्ट गेर्विगच्या आराखड्यावरून तो १८७३ मध्ये पुरा झाला. चढ सौम्य राहावा म्हणून रूळ डोंगरात मोठाली वळणं घेत जातात आणि वाटेत ३९ बोगदे लागतात.

गुटाखचं खुलं संग्रहालय, फोग्ट्सबाउअर्नहोफ, चुकवू नका. मूळचं घर १६१२ चं. बाहेरून दिसतं ते जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं छप्पर. आत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, म्हणजे हिवाळ्यात गोठ्याची ऊब घराला. चुलीवर धुराडं नाही. धूर स्वयंपाकघराच्या कमानीत साचतो, टांगलेलं मांस धुरवतो, मग वर छपरातून निघून जातो आणि जाताना लाकडाला कीड लागू देत नाही. कमानीची काजळी चकाकते, हात लावून बघा म्हणजे ती किती कडक झालीय ते कळेल. मागे फिरून गेलात तर घराचं सर्वांत हुशार अंग दिसतं: डोंगराच्या उतारावरून थेट माळ्यावर जाणारी वाट. गवताची गाडी बैलांसकट वर घालायची आणि चारा खाली गोठ्यात ढकलायचा. लाल गोंड्यांची बोलेनहूट टोपी याच परिसरातली. गुटाख, किर्नबाख आणि राइखेनबाख या तीन गावांपुरती. लाल गोंडे अविवाहित मुलींचे, काळे विवाहितांचे.

कुक्कू घड्याळ घ्यायचं असेल तर ट्रिबेर्गला दुकानांची रांगच आहे. पूर्ण यांत्रिक आणि याच भागात बनलेल्या घड्याळाला ‘व्हीडीएस’ प्रमाणपत्र असतं, ते बघा. एक दिवसाच्या यंत्राची वजनं रोज ओढावी लागतात, आठ दिवसांच्याची आठवड्यातून एकदा. रात्री आवाज बंद करायची कळ आहे का तेही विचारा.

खेड्यांत बस हा खरा अडसर. वेळापत्रकात एखाद्या फेरीपुढे ‘एस’ किंवा ‘शूलटाग’ लिहिलेलं असलं तर ती फक्त शाळा चालू असताना धावते. ‘रूफबुस’ असेल तर बहुतेक ठिकाणी तासभर आधी फोन किंवा अ‍ॅपवर सांगावं लागतं, नाहीतर ती येतच नाही. पायी निघण्याआधी परतीच्या शेवटच्या बसचा फोटो काढून ठेवा.

तिसरा मुक्काम: ड्रेसडेन

ब्लॅक फॉरेस्टहून इथे यायला दिवसाचा मोठा भाग जातो. तो प्रवास शनिवारी ठेवा. फ्राउएनकिर्खे हे चर्च फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळलं आणि ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा खुलं झालं. फिकट भिंतीत मधेमधे काळे दगड दिसतात, ते ढिगाऱ्यातून वेचून परत बसवलेले.

एस-१ लोकलने कुरोर्ट राटेनला जा. स्टेशन एल्बच्या एका काठावर, गाव दुसऱ्या. मधली फेरी इंजिनाविना चालते: नदीत वरच्या अंगाला दोर बांधलेला असतो आणि नावाडी नाव तिरकी धरतो, प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. तिथून बास्टाइच्या दगडी पुलापर्यंत अर्धा-पाऊण तासाची चढण. अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आठला निघा. त्याच एस-१ ने उलट दिशेला माइसेन लागतं, १७१० पासून चिनीमातीचं काम चालू असलेलं. बाउट्सेनला रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत दिसतील. दुसरी सोर्बियन, तिथल्या स्लाव लोकांची.

खाणं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. केझेश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या शेवया, मस्त पोट भरतात, पण त्यांत अंडं असतं. फ्लामकूखेन (पातळ, पिझ्झासारखी भाकरी) आणि ब्राटकार्टोफेल्न (परतलेले बटाटे) यांत न सांगता श्पेक, म्हणजे डुकराचे तुकडे पडतात. माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुड्या, यांच्या आत मांस असतं. दक्षिणेकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि भाज्यांच्या सूपमध्ये बरेचदा मांसाचा रस्सा. ‘व्हेजिटारिश’ म्हणालात तरी श्पेक वेगळं विचारा: ‘ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्यूऽ, बिट्टं’ (श्पेक नको, मांसाचा रस्सा नको, प्लीज). बव्हेरियात गेलात तर पारंपरिक बिअरगार्टनमध्ये, टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर घरचं खाणं उघडून बसायची मुभा आहे. पेय फक्त तिथलंच घ्यायचं. ठेपले इथे काढा.

गावातल्या खानावळीत ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या मंडळींचं. स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं आणि आठवड्यातून एक-दोन दिवस ‘रूहेटाग’, म्हणजे सुट्टी. साधं नळाचं पाणी मागितलं तर मिळेलच असं नाही. टीप पाच ते दहा टक्के, टेबलावर ठेवून निघायची नाही: १८.४० चं बिल असेल तर पैसे देताना ‘त्स्वान्त्सिश’, म्हणजे वीस, म्हणा.

रविवार, रोकड आणि बाटल्या

रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकानं बंद असतात. बव्हेरियात इतर दिवशीही रात्री आठला. शनिवारी दुपारीच दूध, पाव, फळं भरून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात. रविवार ठेवायचा तो चालण्यासाठी आणि दुपारी तीन-चारच्या कॉफी-केकसाठी. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद.

छोट्या ठिकाणी ‘नूर बार’ लिहिलेलं दिसेल, म्हणजे फक्त रोख. रोज पन्नास-साठ युरो आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात हवीत. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन घेताना २५ सेंट अनामत कापली जाते. ती सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली घालून परत मिळते. बाटली चेपू नका, यंत्राला बारकोडची पट्टी वाचता आली नाही तर ते घेत नाही.

लाल रंगाची फरसबंदी सायकलींची असते, तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका. रात्री दहानंतर बाल्कनीतल्या गप्पाही आत घ्या. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०, रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावर बेतलेलं नसेल तर ११६११७.

परतताना

विमानाच्या दिवशी सकाळी ड्रेसडेनहून फ्रँकफुर्टला यायचा बेत करू नका. शेवटची रात्र फ्रँकफुर्ट किंवा माइन्झला काढा. एका बिलात पन्नास युरोंहून अधिक खरेदी असेल तर कराचा काही भाग परत मिळतो, मात्र दुकानातूनच टॅक्स-फ्री फॉर्म घ्यायला हवा आणि वस्तू न वापरलेली हवी. विकत घेतलेलं कुक्कू घड्याळ चेक-इन बॅगेत असेल तर काउंटरवर आधी सांगा. ते टॅग लावून बॅग परत देतात, ती कस्टम्सकडे दाखवून फॉर्मवर शिक्का घ्यायचा आणि बॅग तिथेच सोपवायची. बॅग आधीच गेली तर शिक्का मिळत नाही. या रांगेसाठी पाऊण तास जास्तीचा धरा.